कॅलेंडर अ‍ॅपमध्ये पाडव्याची तारीख का चुकते?

डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने १९९९ पासून गुढीपाडव्याला स्वागतयात्रा निघते. मोबाइलमध्ये ती ‘दरवर्षी’ म्हणून नोंदवली, तर पुढच्या वर्षी आठवण चुकीच्या दिवशी येते.

अशा नोंदींसाठी ‘आयकॅलेंडर’ हे प्रमाणित स्वरूप १९९८ मध्ये आले, २००९ मध्ये सुधारले गेले. सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमरसाठीचा तयार कोड, त्यातला नियम वाचून आगामी तारखांची यादी काढते. पण हा मूळ नियम इंग्रजी महिन्यांवर चालतो, पाडवा चैत्र शुद्ध प्रतिपदेवर. २०२४ मध्ये तो ९ एप्रिलला, २०२५ मध्ये ३० मार्चला आला.

‘दर रविवारी’ भरणाऱ्या वर्गाला नियम पुरतो. सणाची तारीख मात्र पंचांग पाहून दरवर्षी वेगळी नोंदवावी.