जे. सी. आर. लिकलायडर : मानसशास्त्रातून कॉम्प्युटरकडे

बारावीनंतर मुलगी म्हणाली, "मला सायकॉलॉजी घ्यायचीय," की घरात पहिला सवाल येतो, पुढे काय? कॉम्प्युटर म्हटलं की मात्र कोणी काही विचारत नाही. हे दोन रस्ते कुठे मिळतच नाहीत, असं आपण धरून चालतो. अमेरिकेतले प्राध्यापक जे. सी. आर. लिकलायडर यांचं करिअर पाहिलं तर हा समज टिकत नाही.

शिक्षण : जन्म 1915, सेंट लुई शहर. 1937 मध्ये तिथल्याच वॉशिंग्टन विद्यापीठातून भौतिकशास्त्र, गणित आणि मानसशास्त्र या तिन्ही विषयांत पदवी. 1942 मध्ये रोचेस्टर विद्यापीठाची पीएचडी. विषय होता, मांजराच्या मेंदूत वेगवेगळे स्वर कुठे नोंदले जातात. नंतर महायुद्धाच्या काळात हार्वर्डमध्ये त्यांनी विमानाच्या गोंगाटात बोलणं समजावं कसं, यावर काम केलं.

मशीनशी ओळख : 1950 मध्ये ते एमआयटीत आले आणि इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी मानसशास्त्राचा अभ्यासक्रम सुरू केला. 1957 मध्ये त्यांनी स्वतःवरच एक साधा प्रयोग केला. आपला कामाचा वेळ कुठे जातो, याची नोंद ठेवली. हिशेब निघाला तो असा : सुमारे 85 टक्के वेळ माहिती शोधणं, आकडेमोड, आलेख काढणं यातच जात होता. म्हणजे विचाराची नुसती तयारी! प्रत्यक्ष विचाराला उरत होता थोडासा.

त्या काळी कॉम्प्युटरला पंच कार्ड द्यायची आणि उत्तराची वाट बघत बसायचं, अशी पद्धत होती. लिकलायडर यांनी 1960 च्या आपल्या प्रसिद्ध लेखात वेगळा विचार मांडला : माणसाने समोर बसून मशीनशी लगेच देवाणघेवाण करावी. हमालीचं काम मशीनने करावं, निर्णय माणसाने घ्यावा.

मोठी जबाबदारी : 1962 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'आर्पा' संस्थेत कॉम्प्युटर संशोधनाच्या निधीचं काम त्यांच्याकडे आलं. एकच कॉम्प्युटर अनेकांनी एकाच वेळी वापरायचं तंत्र आणि पुढे माउस बनवणारे डग्लस एंगलबार्ट, दोघांनाही तिथून पैसा मिळाला. 1963 मध्ये त्यांनी दूरदूरचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडण्याची कल्पना सहकाऱ्यांना लिहून कळवली. 1964 मध्ये त्यांनी ते पद सोडलं. आर्पानेटवर पहिला संदेश गेला 1969 मध्ये. ते जाळं त्यांनी स्वतः बांधलं नाही, पण विचार त्यांनी पेरला होता. आजचं इंटरनेट त्यातूनच वाढलं. 1990 मध्ये त्यांचं निधन झालं.

आपल्या मुलांसाठी : माणसाला किती ऐकू येतं, किती लक्षात राहतं, तो किती वेळ थांबू शकतो, हे मानसशास्त्राचे प्रश्न. लिकलायडर यांनी तेच कॉम्प्युटरला लावले. आज भारतातही हा रस्ता खुला आहे. आयआयटी गांधीनगरमध्ये कॉग्निटिव्ह सायन्स शिकवलं जातं. 2021 पासून गेट परीक्षेतही मानसशास्त्राचा पेपर देता येतो.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. लिकलायडर यांच्या पदवीत मानसशास्त्राच्या जोडीला गणितही होतं. तेव्हा मुलीला सायकॉलॉजी जरूर घेऊ द्या, फक्त "आता गणिताची सुट्टी" असं तिला म्हणू देऊ नका.