ही पानं कोण लिहितं?

लिनक्सवर काम करणाऱ्या माणसाने ‘मॅन’ हा शब्द किती वेळा टाइप केला असेल याची गणती नाही. हे मॅन म्हणजे मॅन्युअलमधलं मॅन, माणसाशी त्याचा संबंध नाही. ‘मॅन २ रीड’ लिहून एंटर मारलं की पडद्यावर मजकूर येतो: नाव, वापरायचं कसं, वर्णन, कोणकोणत्या चुका परत येऊ शकतात, आणि खाली कधीकधी ‘बग्ज’ नावाचा एक परिच्छेद. हवी ती ओळ सापडली की क्यू दाबून आपण बाहेर. पान लिहिलं कुणी, हा प्रश्न मनात येत नाही. भिंतीवरच्या पंचांगातली तिथी कुणी गणित करून काढली हे तरी आपण कुठे विचारतो?

मीही बरीच वर्षं विचारलं नव्हतं. मग एकदा खोदत गेलो आणि थेट १९७१ सालात पोहोचलो.

अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स उभं केलं. त्यांना नवा पीडीपी-११ संगणक मिळाला तो ‘ऑपरेटिंग सिस्टिम लिहायची आहे’ असं सांगून नव्हे, तर मजकूर नीट मांडून छापायची सोय करू, असं सांगून. तिथल्या पेटंट विभागातले टंकलेखक युनिक्सचे पहिले गिऱ्हाईक. म्हणजे या प्रणालीच्या जन्मातच कागदपत्रं आहेत! ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेली युनिक्सची पहिली पुस्तिका त्याच यंत्रावर मांडली गेली. तिचे सात विभाग होते. पहिल्यात आज्ञा, दुसऱ्यात कर्नलला थेट मारायच्या हाका, म्हणजे सिस्टिम कॉल्स. आज आपण ‘मॅन २ रीड’ म्हणतो त्यातला २ तिथून आलाय. प्रत्येक पानावर ‘मालक’ असा एक रकाना असे आणि त्यात केन किंवा डीएमआर अशी नावं. ज्याने काम केलं त्याने पान लिहायचं, आणि पानावर आपलं नाव टाकायचं.

मला सगळ्यात आवडतो तो ‘बग्ज’चा रकाना. स्वतःच्या वस्तूतले दोष तिच्याच पुस्तिकेत छापायचे! मिक्सरच्या पुस्तिकेत असं काही वाचल्याचं आठवतंय का? त्या मंडळींनीच नंतर सांगितलंय की चारचौघांत दोष छापायची लाज वाटायची, म्हणून कित्येक गोष्टी लिहिण्याऐवजी दुरुस्तच केल्या गेल्या. डग मॅकिलरॉय हे तिथले वरिष्ठ, पुस्तिकेच्या बाबतीत भलते कडक. १९७९ च्या सातव्या आवृत्तीची पुस्तिका त्यांनी संपादित केली. आणि ही ‘सातवी आवृत्ती’ म्हणजे पुस्तिकेची आवृत्ती बरं का. प्रणालीला वेगळा क्रमांकच नव्हता. पुस्तिकेची सहावी आवृत्ती निघाली की ते सहावं युनिक्स.

याच सहाव्या युनिक्सच्या कर्नलवर ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांनी १९७६-७७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी भाष्य लिहिलं. एका भागात कर्नलचा सुमारे नऊ हजार ओळींचा कोड, दुसऱ्यात त्याचं विवरण. जुन्या ग्रंथांवर टीका लिहायची आपल्याकडची जी पद्धत, तीच ही. मात्र सातव्या आवृत्तीच्या परवान्यात कोड वर्गात शिकवायला बंदी आली, आणि लायन्सचं भाष्य झेरॉक्सच्या झेरॉक्सच्या झेरॉक्सवर जगलं. रीतसर पुस्तक निघालं १९९६ साली, आणि १९९८ मध्ये लायन्स गेले. त्याच बंदीमुळे अँड्र्यू टॅनेनबॉम यांना शिकवण्यासाठी स्वतःचं मिनिक्स लिहावं लागलं, आणि मिनिक्स वापरतावापरता हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स सुरू केलं.

लिनक्सचा कोड सगळ्यांना उघडा होता. मग लायन्सची गरज काय? ‘कोड आहे ना समोर, वाच की’ हे उत्तर नवख्यांनी किती वेळा ऐकलं असेल! उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. कोड सांगतो की कर्नल आज काय करतो. आपण कशावर भरवसा ठेवायचा, उद्याही काय तसंच राहील, हे कोडमध्ये लिहिलेलं नसतं. कर्नलच्या हाका वापरून वर जे लाखो प्रोग्रॅम उभे असतात ते मोडायचे नाहीत, हा तर टोरवाल्ड्स यांचा सर्वात कडक नियम. म्हणजे एक वचन आहे. पण वचनाचे शब्द कुठे आहेत? ते या पानांत आहेत. आणि इथे बेल लॅब्जची रीत तुटली होती: कर्नल लिहिणारे एकीकडे, पानं लिहिणारे दुसरीकडे.

‘लिनक्स मॅन-पेजेस’ हा प्रकल्प १९९३ पासून रिक फेथ यांनी सांभाळला. १९९५ ते २००४ आंद्रीस ब्रॉवर यांनी. हे हॉलंडमधले गणिती, आलेखांच्या सिद्धांतातले मोठे नाव. शिवाय १९८४ मध्ये ‘हॅक’ हा खेळ त्यांनी जगभर पोहोचवला, ज्यातून पुढे नेटहॅक झाला. ज्यांना नेटहॅक ठाऊक आहे त्यांनी इथे क्षणभर हात जोडावेत. असो. २००४ मध्ये सूत्रं आली मायकल केरिस्क यांच्याकडे, आणि इथून गोष्ट खरी रंगते.

केरिस्क यांची रीत अशी की नुसतं विचारून लिहायचं नाही. हाक मारून बघायची, छोटे प्रोग्रॅम लिहून तिला छळायचं, आणि मग लिहायचं. जुलै २००७ मध्ये कर्नल २.६.२२ आला, त्यात टायमरएफडी नावाची नवी हाक होती. गजर लावायचा आणि तो फाइल वाचावी तसा वाचायचा, अशी सोय. पानासाठी तपासताना केरिस्क यांना दिसलं की गजर किती वेळा झाला हा आकडा वाचायला गेलं तर त्याचा फक्त खालचा बाइट हाती येतोय. ही साधी चूक, दुरुस्त झाली असती. पण लिहितालिहिता त्यांना आणखी एक गोष्ट खुपली. जुन्या टायमरना ‘किती वेळ उरला?’ असं विचारता येतं, याला येत नाही. त्यांनी हे मांडलं आणि लावून धरलं. २.६.२३ मध्ये ती हाक चक्क बंद ठेवली गेली आणि एप्रिल २००८ च्या २.६.२५ मध्ये तीन हाकांच्या नव्या रूपात परत आली. आज ती जगभर वापरात आहे. पान लिहिणाऱ्याने कर्नल बदलला! जे सरळ वाक्यात सांगता येत नाही ते बहुधा नीट घडवलेलंच नसतं, हे त्या पानाने दाखवून दिलं.

पान मुकं राहिलं तर काय होतं त्याचंही उदाहरण आहे. एफसिंक ही हाक सांगते: लिहिलेलं खरोखर डिस्कवर पोहोचव, मगच परत ये. बँकेपासून रेल्वेपर्यंत कुठलाही डेटाबेस शेवटी अशाच एखाद्या हाकेवर विसंबतो. ती अपयशी ठरली तर काय करायचं? पोस्टग्रेस या डेटाबेसची समजूत होती की पुन्हा मारायची, जमलं तर सगळं ठीक. २०१८ मध्ये उघड झालं की लिनक्स एकदा चूक सांगून मोकळा होत असे आणि न लिहिलेली पानं ‘लिहून झाली’ अशी खूण करून टाकत असे. दुसऱ्या हाकेला उत्तर ‘यशस्वी’, आणि मजकूर गेलेला. ही समजूत वर्षानुवर्षं चालत आली होती. कर्नल लिहिणाऱ्यांना वागणूक ठाऊक होती, डेटाबेसवाल्यांना नव्हती, आणि मधल्या पानात ती ओळ नव्हती. २०१९ च्या सुरुवातीला पोस्टग्रेसने आपलं वागणं बदललं: एफसिंक फसलं की सरळ थांबायचं आणि नोंदवहीवरून पुन्हा उभं राहायचं.

केरिस्क यांनी अडीचशेहून अधिक पानं स्वतः लिहिली किंवा लिहिण्यात हात घातला. २०१० मध्ये त्यांचं दीड हजार पानांचं पुस्तकही आलं, ‘द लिनक्स प्रोग्रॅमिंग इंटरफेस’. मधे थोडा काळ त्यांना या कामाचे पैसे मिळाले, बराच काळ नाही. २०२० पासून आलेहांद्रो कोलोमार जोडीला आले आणि हळूहळू सगळा भार त्यांच्यावर आला.

सप्टेंबर २०२४ मध्ये कोलोमार यांनी जाहीर केलं की फुकट हे काम आता परवडत नाही, थांबतोय. फोनपासून सुपरकॉम्प्युटरपर्यंत सगळीकडे जो कर्नल चालतो, ज्यावर कंपन्यांनी अब्जावधी कमावले, त्याच्या हाकांचा अर्थ लिहून ठेवणाऱ्या एका माणसाचा पगार कुणाच्याच हिशेबात बसत नव्हता. मला वाचून राग आला, आश्चर्य मात्र वाटलं नाही. सोसायटीचा पाण्याचा पंप चालू करणारा माणूस रजेवर गेला की मगच त्याचं नाव विचारलं जातं, तसंच.

मग धावपळ झाली. काही कंपन्यांनी मिळून पैशांची सोय केली आणि काही महिन्यांत काम पुन्हा सुरू झालं. एफसिंकच्या पानावर आता चुकांच्या यादीत एक वाढीव वाक्य आहे: कर्नल ४.१३ पासून लिहिण्यातली चूक ती फाइल उघडून बसलेल्या, तो मजकूर लिहिलेला असू शकेल अशा सगळ्यांना कळवली जाते. दोन ओळींचं वाक्य आहे. ‘मॅन २ एफसिंक’ लिहून बघा, खाली सापडेल.