देव हलवता येतो, राई हलवता येत नाही

गेल्या खेपेला आपण इसेच्या देवस्थानाबद्दल बोललो. दर वीस वर्षांनी तिथलं देऊळ शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्यानं बांधतात आणि जुनं उतरवतात. शेवटचं बांधकाम २०१३ साली झालं. त्यावर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, ‘लाकूड नवं, खांब नवे, मग त्यात प्राचीन काय?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला आज आपण इसेच्या दक्षिणेला, की द्वीपकल्पाच्या डोंगरात, कुमानोला जाऊ.

किइ-तानाबे स्टेशनवरून होंगूला जाणारी बस साधारण दोन तास घेते. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला सुगीचे, म्हणजे जपानी देवदाराचे उभे डोंगर, आणि मधूनच चारदोन घरांची वस्ती. कुमानो होंगू ताइशा हे देवस्थान एका टेकडीवर आहे. दीडशेहून अधिक दगडी पायऱ्या चढायच्या, हात-तोंड धुवायचं, दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची आणि पुन्हा एकदा वाकायचं. समोर साधी लाकडी मंदिरं, वर सालीचं शाकारलेलं जाड छप्पर. रंगरंगोटी नाही. मूर्ती तर दिसतच नाही.

बाराव्या शतकात निवृत्त सम्राट गो-शिराकावा इथे तीसहून अधिक वेळा आले. १२०१ साली गो-तोबा यांच्याबरोबर कवी फुजिवारा नो तेइका आले, आणि त्या वाटचालीची त्यांनी लिहिलेली दैनंदिनी आजही उपलब्ध आहे. पुढे सामान्य माणसं इतकी येऊ लागली की ‘मुंग्यांची कुमानो वारी’ असा शब्दप्रयोगच रूढ झाला. आणि बघा, ज्या काळात अनेक पवित्र डोंगरांवर स्त्रियांना मज्जाव होता, त्या काळात कुमानोत स्त्रिया आणि आजारी माणसं यांना वाट मोकळी होती.

आपल्याला जवळची वाटावी अशी एक गोष्ट सांगतो. इथल्या देवाला ‘गोंगेन’ म्हणत. म्हणजे तात्पुरतं घेतलेलं रूप, थोडक्यात अवतार. होंगूचा देव म्हणजे अमिताभ बुद्ध, शेजारच्या हायातामाचा देव म्हणजे भैषज्यगुरू आणि नाचीचा देव म्हणजे सहस्रभुज अवलोकितेश्वर, अशी मांडणी होती. संस्कृत नावाचे बुद्ध आणि डोंगरातले स्थानिक कामी हजारएक वर्षं एकाच छपराखाली नांदले. १८६८ साली मेइजी सरकारनं हुकूम काढला की कामी वेगळे, बुद्ध वेगळे. आज आपण ज्याला ‘शुद्ध शिंतो’ म्हणतो, त्याचा बराचसा आकार त्या हुकुमानंतरचा आहे.

आता टेकडीवरून खाली उतरू. दहा मिनिटांच्या अंतरावर नदीकाठी ओयुनोहारा नावाची जागा आहे. मूळ देवस्थान इथे होतं. १८८९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला आणि बहुतेक इमारती वाहून गेल्या. उरलेल्या १८९१ साली टेकडीवर हलवल्या. वरच्या अंगाला झालेल्या बेसुमार जंगलतोडीमुळे पूर इतका भयंकर झाला, असं म्हणतात. आज तिथे देऊळ नाही. गवत, झाडं, दगडाची दोन छोटी देवळं आणि २००० साली उभारलेलं सुमारे ३४ मीटर उंचीचं तोरी, म्हणजे प्रवेशद्वार. इमारती वर गेल्या, तरी लोक खालच्या रिकाम्या जागेलाही वाकतात.

जागेला वाकतात. हा मुद्दा धरून ठेवा, कारण पुढच्या भांडणाचं मूळ तोच आहे.

१९०६ साली सरकारनं देवस्थानांच्या विलीनीकरणाचं धोरण आणलं. एका गावाला एकच देवस्थान. हेतू कागदावर चांगला होता: पडकी, पुजारी नसलेली देवळं बंद करायची आणि उरलेल्यांना मानानं चालवायचं. देशात तेव्हा सुमारे दोन लाख देवस्थानं होती. दहाएक वर्षांत त्यातली सत्तर हजारांच्या आसपास गेली. मिए आणि वाकायामा प्रांतांना सर्वात मोठा फटका बसला. देव शेजारच्या देवळात ‘एकत्र’ झाला की जुनी जागा रिकामी ठरे, आणि तिथली शेकडो वर्षांची झाडं लाकूड म्हणून विकता येत. विलीनीकरणाचा उत्साह कशामुळे वाढला असेल, हे वेगळं सांगायला नको.

याविरुद्ध उभा राहिला मिनाकाता कुमागुसू. जन्म १८६७, वाकायामाचा. लंडनमध्ये आठ वर्षं राहिला, ब्रिटिश म्युझियममध्ये वाचत बसला, ‘नेचर’मध्ये लिहिलं, पदवी मात्र एकही नाही. परत येऊन तानाबेत स्थायिक झाला. बायको तिथल्याच देवस्थानाच्या पुजाऱ्याची मुलगी. याचा अभ्यासविषय श्लेष्मबुरशी, म्हणजे कुजलेल्या ओल्या लाकडावर वाढणारे सूक्ष्म जीव. ते सापडत देवळांच्या राईत. १९१० साली हा गृहस्थ विलीनीकरणाच्या समर्थक अधिकाऱ्याला गाठायला एका सभेत घुसला आणि दोन आठवड्यांहून जास्त कोठडीत राहिला.

त्याचे युक्तिवाद मात्र शांत डोक्याचे होते. देऊळ दूर गेलं की म्हातारी माणसं आणि बाळंतिणी दर्शनाला जाणार कशा? गावजत्रा गेली की गावाचा एकोपा आणि बाजार दोन्ही जातील. राई तोडली की पक्षी जातील, किडी वाढतील, पिकं बुडतील. आठवणी आणि इतिहास जातील ते वेगळेच. आणि इथे त्यानं ‘इकॉलॉजी’ हा शब्द वापरला, जपानमध्ये तो फारसा कुणी ऐकलेला नसताना. म्हणजे श्रद्धा, शेती, सूक्ष्मजीव, समाज हे त्याच्या लेखी चार विषय नव्हते. एक उपटलं की बाकीची मुळं हलतात.

होंगूच्या वाटेवर नोनाका गावात त्सुगिझाकुरा ओजी हे छोटं देवस्थान लागतं. तिथले सुगी वृक्ष अवाढव्य आहेत, आणि त्यांच्या फांद्या एकाच बाजूला, नाचीच्या दिशेला वळलेल्या आहेत. तिथे मोठी राई होती. कुऱ्हाड चालली, आणि कुमागुसूच्या धडपडीमुळे वाचली ती मोजकी झाडं. ती वाचली म्हणून आपण त्यांच्याखाली उभे राहू शकतो. १९२० साली संसदेच्या वरिष्ठ सभागृहानं विलीनीकरण थांबवण्याचा ठराव केला, पण तोवर जायचं ते गेलं होतं.

आता श्रोत्यांच्या प्रश्नाकडे येऊ. प्राचीन काय? इसेत लाकूड बदलतं, पण जागा, विधी आणि सुतारांचं कसब टिकतं. होंगूत जागा सुटली, पण लोकांनी ती सोडली नाही. विलीनीकरणात देवाचं नाव रजिस्टरमध्ये शाबूत राहिलं, आणि बाकी सगळं गेलं. प्राचीनता वस्तूत नसते, नात्यात असते, असं मला वाटतं. ज्यांच्याकडे देवराई आहे, त्या आपल्या सह्याद्रीतल्या गावांना हे समजवावं लागणार नाही.

२००४ साली या वाटा जागतिक वारसा झाल्या. पण जपानची खेडी रिकामी होत चालली आहेत. एकेक पुजारी अनेक देवळं सांभाळतो. पूर्वी सरकारनं देव हलवले, तेव्हा निदान भांडायला गाव होतं. आता गावच उठून जातं आहे. राई आहे आणि झाडायला कुणी नाही, अशा वेळी ते देवस्थान उरतं का? यावर तुमचं मत मला हवं आहे. पुढच्या व्याख्यानाची सुरुवात आपण तिथूनच करू.