पंचांचा निवाडा

मराठी भाषेंत ‘पंच’ हा शब्द दोन ठिकाणीं नांदत आला आहे : एक गांवच्या चावडीवर आणि दुसरें कुस्तीच्या हौद्यांत. दोन्ही ठिकाणीं त्याचें काम एकच. भांडणारे दोघे आपापलें बळ पणास लावून मोकळे झाले म्हणजे कोण जिंकला व कोण हरला हें तिऱ्हाइतानें सांगावयाचें. पंचांमुखीं परमेश्वर, असें आपल्या वाडवडिलांनीं म्हणून ठेविलें आहे. या परमेश्वरास २ फेब्रुवारी २०२५ रोजीं अहिल्यानगर येथें हजारों लोकांच्या देखत लाथ बसली.

प्रसंग महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्यांचा. गादी विभागांत शिवराज राक्षे व पृथ्वीराज मोहोळ यांची लढत लागली होती. पंचांनीं राक्षे चितपट झाल्याचा निकाल दिला. आपले दोन्ही खांदे गादीस टेकलेच नव्हते, चित्रफीत पाहावी, असें राक्षे यांचें म्हणणें होतें. तें ऐकलें जात नाहीं असें दिसतांच त्यांनीं पंचांची गचांडी धरली व लाथ मारली. त्याच दिवशीं अंतिम कुस्तींत महेंद्र गायकवाड यांनीं गुणावरून पंचांशीं हुज्जत घालून थोडेच सेकंद उरले असतां मैदान सोडलें, आणि गदा मोहोळ यांच्या खांद्यावर गेली. दोघांही मल्लांस तीन वर्षांसाठीं निलंबित करण्यांत आलें. राक्षे हे कोणी उडाणटप्पू पोर नव्हेत. दोन वेळां महाराष्ट्र केसरीची गदा मिळविलेले मल्ल आहेत. त्याच्या दोनच वर्षें आधीं, जानेवारी १९२३ नव्हे तर २०२३ मध्यें, पुण्यास कोथरूड येथें सिकंदर शेख व महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तींत एका टांगेस चार गुण दिल्यावरून असाच गदारोळ उठला होता, आणि तेथील पंचास दूरध्वनीवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांत गेली होती.

अशा प्रसंगीं ‘काळच फिरला’ असा सुस्कारा टाकून मोकळें होणें सोपें असतें. पूर्वींचे मल्ल देवमाणसें होते व आतांचे सारे उद्दाम झाले, एवढ्यानें इतिहासाच्या अभ्यासकाचें समाधान होऊं नये. पूर्वीं पंचांचा शब्द मानला जात असे तो कशाच्या आधारावर, आणि तो आधार आज कोठें ढळला, हें शोधणें अधिक उपयोगाचें आहे.

या शोधास साहित्य येरवड्याच्या टेकडीवर मिळतें. तेथील डेक्कन कॉलेजानें १९५३ सालीं वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. गोतसभा, मजालस, महजर यांचे जुने कागद चाळून सिद्ध झालेला हा ग्रंथ वाचतांना एक गोष्ट मनावर ठसते. त्या काळीं निवाडा हा केवळ शेवटचा शब्द नव्हता; त्याच्या अलीकडे व पलीकडे पुष्कळ पायऱ्या होत्या. वाद गोतापुढें आला म्हणजे अग्रवादी व पश्चिमवादी या दोघांच्या तकरिरी लिहून घेत, जामीन घेत, आणि मुख्य म्हणजे राजीनामा घेत. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. तेव्हां त्याचा अर्थ अगदीं उलट होता : अमुक पंचांपुढें जाण्यास मी राजी आहें, ते सांगतील तें मान्य करीन, असें निकालापूर्वीं लिहून दिलेलें वचन. निकाल झाल्यावर जिंकणाऱ्यास निवाडपत्र मिळे व तो सरकारांत हरकी भरी. हरणारा गुन्हेगारी भरी आणि आपला दावा खोटा ठरल्याचें येजितखत स्वहस्तें लिहून देई. यापुढें जो कथळा करील तो दिवाणाचा गुन्हेगार व गोताचा अन्यायी समजावा, अशी त्या कागदांची ठराविक भाषा असे. आणि एवढें करूनही एखाद्यास अन्याय झाला असें वाटलें, तर वाद दुसऱ्या थळास नेण्याची वाट अगदींच बंद नसे.

हें चित्र रंगवितांना भाबडेपणा नको. गोतांत बसणारे बहुधा वतनदार व प्रतिष्ठित असत. दुबळ्याचा आवाज तेथें कितपत पोंचे याविषयीं शंका घेण्यास जागा आहे. पुराव्याच्या अभावीं तापलेल्या लोखंडाचें दिव्य करावयास लावीत. १८१९ च्या आपल्या अहवालांत एल्फिन्स्टननें पंचायतीची उपयुक्तता मानली, तरी तिच्या दिरंगाईचे व दुबळेपणाचे दोषही नोंदविले आहेत. पण एक मर्म त्या पद्धतींत निश्चित होतें. पंचांचा मान पंचांच्या अंगच्या तेजांतून उत्पन्न होत नसे. तो उभय पक्षांनीं आधीं दिलेल्या शब्दांतून उत्पन्न होई.

आतां हौद्याकडे वळूं. लाल मातींतील जुन्या कुस्तींत पंचाचें काम त्या मानानें हलकें होतें. मल्लाची पाठ मातीस लागली कीं त्या पाठीवरची माती सर्वांस दिसे. शाहू महाराजांनीं कोल्हापुरास १९१२ सालीं उभारलेल्या खासबाग मैदानांत कडेच्या चढावर बसलेल्या शेवटच्या शेतकऱ्यासही ‘चीत झाला’ हें पंचाइतकेंच कळत असे. निकाली कुस्ती झाली नाहीं तर बरोबरींत सोडवीत. निकाल पंचानें उच्चारावयाचा खरा, पण तो देत असे सारा गांव.

पुढें कुस्ती स्पर्धेच्या सांच्यांत बसविली गेली. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकारानें १९५३ सालीं महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. १९६१ सालीं औरंगाबाद येथें महाराष्ट्र केसरीचा पहिला मान दिनकर दह्यारी यांस मिळाला. मातीशेजारीं गादी आली, डावास गुण आले, मिनिटें व सेकंद आले. जगाच्या कुस्तींत उतरावयाचें तर हें अपरिहार्यच होतें. पण त्यामुळें एक मोठा पालट झाला. दोन खांदे एकाच क्षणीं टेकले कीं नाहीं, टांगेस दोन गुण कीं चार, हें आतां कडेच्या प्रेक्षकास दिसेना. पूर्वीं जें गांवास दिसे तें आतां एका माणसाच्या डोळ्यांवर सोंपविलें गेलें. पंचाचें ओझें दसपट वाढलें. त्याचें संरक्षण मात्र होतें तेवढेंच राहिलें.

हा पालट केवळ आपल्याकडचा नव्हे. इंग्लंडांत फुटबॉलच्या आरंभीच्या काळीं दोन्ही संघ आपापला एकेक पंच आणीत, आणि त्यांचें एकमत न झाल्यास मैदानाबाहेर बसलेल्या तिसऱ्याकडे वाद सोंपवीत. १८९१ सालीं हा तिसरा मैदानांत आला आणि सर्वाधिकारी झाला. तेव्हांपासून रोषाचा सारा मारा त्या एकट्यावर होऊं लागला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकांत क्यूबाच्या आंखेल मातोस या तायक्वांदो खेळाडूनें पंचाच्या तोंडावर लाथ मारली व जन्माची बंदी ओढवून घेतली. त्याहून हृदयद्रावक प्रसंग हॉलंडांतील अल्मेरे गांवचा. तेथें डिसेंबर २०१२ मध्यें मुलांच्या हौशी सामन्यांत रेषेवर उभ्या असलेल्या एका स्वयंसेवक पंचास प्रतिस्पर्धी मुलांनीं इतकें मारलें कीं दुसऱ्या दिवशीं तो मरण पावला. त्याचा स्वतःचा मुलगा त्या सामन्यांत खेळत होता.

मल्लाची बाजू मात्र कोणी दृष्टीआड करूं नये. गरीब शेतकऱ्याचा मुलगा तालमींत राहतो तेव्हां त्याच्या खुराकासाठीं घरची दुभती जनावरें व प्रसंगीं जमिनीचा तुकडा पणास लागतो. गदेबरोबर मोटारगाडी येते, नांव येतें, सरकारी नोकरीची आशा येते. दहा वर्षांचा घाम एका सेकंदाच्या निकालांत बुडाला, आणि तो निकालही चुकीचा आहे अशी त्याची खात्री असली, तर त्याच्या मस्तकांत काय उसळत असेल याची कल्पना करतां येते. त्या दिवशींच्या निर्णयाच्या चौकशीसाठीं मागाहून समिती नेमावी लागली, यावरूनच तक्रार अगदीं हवेंतली नव्हती हें दिसतें. पण तक्रार खरी असणें व लाथ योग्य असणें या दोन गोष्टी एक नव्हेत. लाथेनें चुकीचा निकाल बरोबर होत नाहीं. उलट ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याचाच पक्ष तिच्याखालीं चिरडला जातो. दुसऱ्या दिवशीं लोक खांद्यांविषयीं बोलत नव्हते, लाथेविषयीं बोलत होते.

चुकीचा वाटणारा निवाडा बदलावा कसा, याचें एक मोठें व वादग्रस्त उदाहरणही येरवड्यासच घडलें आहे. ब्रिटनचे मुख्य प्रधान मॅक्डोनल्ड यांनीं ऑगस्ट १९३२ मध्यें जातीय निवाडा दिला. त्याविरुद्ध गांधीजींनीं येरवड्याच्या तुरुंगांत २० सप्टेंबरास उपोषण आरंभिलें आणि २४ सप्टेंबरास पुणें करार झाला. अस्पृश्य वर्गाच्या प्रांतिक कायदेमंडळांतील जागा ७१ च्या १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. उपोषणाच्या दडपणाखालीं आपणांस सही करावी लागली, ही डॉ. आंबेडकरांची तक्रार इतिहासानें विसरतां कामा नये. हात न उगारतांही दडपण आणतां येतें, हा तिचा अर्थ आहे. परंतु तो निवाडा बदलूं शकला याचें एक कारण त्याच्याच मजकुरांत होतें : उभय पक्षांत एकमत झाल्यास सरकार तें स्वीकारील, अशी वाट त्यांत ठेविली होती. ज्या निवाड्यास दार असतें त्याची भिंत फोडण्याचा मोह कमी होतो.

आपल्या कुस्तींत हें दार कोठें आहे? आणि दार दाखवावयाचें तरी कोणी? नोव्हेंबर २०२३ मध्यें दोन संघटनांनीं दोन निरनिराळ्या महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरविल्या. येरवड्यावरून जो रस्ता नगरास जातो त्याच्या बाजूच्या फुलगांवांत सिकंदर शेख यांनीं राक्षे यांस हरवून गदा घेतली. त्याच महिन्यांत धाराशिवास राक्षे यांनीं दुसरी गदा जिंकली. एकाच महिन्यांत एकच मल्ल महाराष्ट्र केसरी झाला आणि झालाही नाहीं! थोरांचीं थळें एकमेकांचा निवाडा मानीत नसतील, तर गादीवर घामाघूम झालेल्या पोरानें एका पंचाचा शब्द शिरसावंद्य मानावा, ही अपेक्षा कोणत्या तोंडानें करावयाची?

म्हणून तीन वर्षांची शिक्षा योग्य असली तरी पुरेशी नाहीं. चितपटीविषयीं शंका आली तर त्याच घटकेस, दोघांच्या देखत, चित्रफीत पाहून तिघांनीं निकाल द्यावा. निकालाचें कारण मल्लास समजेल अशा भाषेंत मोठ्यानें सांगावें. आणि हौद्यांत उतरण्यापूर्वीं दोन्ही मल्लांनीं व त्यांच्या वस्तादांनीं जुन्या अर्थाचा राजीनामा लिहून द्यावा. वस्तादांचा उल्लेख मुद्दाम करतों. पोराचा पाय पंचाकडे वळण्यापूर्वीं बहुधा कडेच्या मोठ्या माणसांची जीभ पंचाकडे वळलेली असते.

आणखी एक गोष्ट. कुस्तीचा पंच हा बहुधा कोणी परका अंमलदार नसतो. त्याचेही कान कुस्तींत मोडलेले असतात. तोही कधींतरी हरून हौद्याबाहेर आलेला असतो. आजच्या मल्लाचें अंग उद्यां थकेल, आणि ज्या मातीनें त्याला वाढविलें तिची सेवा करावयाची तर शिटी हातीं घेण्यावांचून त्याला दुसरी वाट क्वचितच उरेल. पंचाची गचांडी धरणारा हात आपल्याच उद्यांच्या गळ्यास लागतो, एवढें तालमींत डावांच्या आधीं शिकविलें गेलें पाहिजे.