मोडीचा भाव : निकामी मोटारीची किंमत कशी ठरते?

१/
जुनी मोटार भंगारात घातली की चार पैसे हाती येतात, हे आपण गृहीतच धरतो. पण न्यूयॉर्क शहराला १९६० साली रस्त्यांवर बेवारस सोडलेल्या २,५०० गाड्या उचलाव्या लागल्या. १९६४ मध्ये हा आकडा २५,००० झाला आणि १९६९ मध्ये ५०,००० च्या पुढे गेला. नखशिखांत पोलादाने घडवलेली वस्तू लोक रस्त्यात टाकून का जात होते? या धाग्यात त्याचे उत्तर शोधू.

२/
सुरुवात आपल्याच एका शब्दापासून. सोनार जुना दागिना विकत घेतो तेव्हा घडणावळ धरत नाही, केवळ धातूचे मोल धरतो. हा मोडीचा भाव. मोटारीचेही तसेच आहे. तिचे आयुष्य सरले की दोनच गोष्टींना मोल उरते : वापरण्याजोगे सुटे भाग आणि धातू. त्यातून गाडी ओढून नेण्याचा आणि सोडवण्याचा खर्च वजा केला की उरते ती मालकाची रक्कम. ही वजाबाकी शून्याखाली गेली, की गाडी बेवारस होते.

३/
फोर्डच्या ‘मॉडेल टी’ने १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी गाड्या रस्त्यावर आणल्या. इतक्या गाड्या जन्माला आल्या, म्हणजे कधी तरी इतक्याच मरणार हेही ओघानेच आले. १९३० मध्ये फोर्ड कंपनीने डेट्रॉइटजवळच्या रिव्हर रूज कारखान्यात जुळवणीच्या साखळीसारखीच एक मोडणीची साखळी उभारली. कोणत्याही कंपनीची जुनी गाडी २० डॉलरला घ्यायची, काचा, टायर, गाद्या आणि यंत्रभाग काढून घ्यायचे, आणि उरलेला सांगाडा चेपून भट्टीत लोटायचा.

४/
हा उपक्रम फोर्डला किफायतशीर ठरला नाही. तरीही त्यामागचे तंत्र ध्यानात घेण्याजोगे आहे. त्या काळी अमेरिकेतले बहुतेक पोलाद ‘ओपन हार्थ’ भट्ट्यांत तयार होई. या भट्टीला बाहेरून इंधनाची उष्णता मिळत असल्याने तिच्यात भंगाराचे प्रमाण निम्म्याच्या आसपास ठेवता येई. भट्टीची भूक मोठी होती, म्हणून भंगारवाल्याच्या मालाला गिऱ्हाईक होते.

५/
युद्धाने ही भूक आणखी वाढवली. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत नागरिकांसाठी मोटारी बनवणे थांबले, कारखाने रणगाडे आणि विमानांकडे वळले. त्याच वर्षी देशभर भंगार गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि गावाबाहेरच्या मोटारींच्या स्मशानांवर सरकारची नजर गेली. वर्षानुवर्षे गंजत पडलेला सांगाडा अचानक राष्ट्रकार्याचा ऐवज ठरला. वस्तू तीच होती, बदलली होती ती मागणी.

६/
यानंतर चित्र पालटले ते एका शोधामुळे. १९५२ मध्ये ऑस्ट्रियातील लिन्त्स येथे ऑक्सिजन भट्टी व्यावसायिक स्वरूपात सुरू झाली, १९५४ मध्ये ती अमेरिकेत मिशिगनला पोहोचली. वितळलेल्या कच्च्या लोखंडावर शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडायचा, आतला कार्बन जळतो आणि त्याच उष्णतेत पोलाद तयार होते. जे काम करायला जुन्या भट्टीला तासन् तास लागत, ते येथे पाऊण तासाच्या आत होऊ लागले.

७/
पण या भट्टीला बाहेरचे इंधन नसते. थंड भंगार जास्त घातले तर रस गार होतो. त्यामुळे भंगाराचे प्रमाण साधारण पाव हिश्श्यावर, फार तर ३० टक्क्यांवर आले. अधिक वेगवान, अधिक स्वस्त पोलाद देणाऱ्या या सुधारणेने भंगारातल्या मोटारीचे गिऱ्हाईक निम्मे करून टाकले. भट्टी बसवणाऱ्या अभियंत्यांच्या मनात रस्त्यावरच्या गाड्यांचा विचारही नसेल, परिणाम मात्र तिथे उमटला.

८/
दुसरी अडचण तांब्याची. मोटारीत तारा आणि विजेची लहान यंत्रे असतात. त्यांतले तांबे पोलादाच्या रसात मिसळले की ते पुन्हा वेगळे काढता येत नाही, आणि असे पोलाद तापवून लाटताना त्याला भेगा पडतात. म्हणजे सांगाडा आधी हाताने साफ करायला हवा. अमेरिकेत मजुरी वाढत चालली होती. गाद्या, रबर आणि रंग जाळून टाकण्याची सोपी वाट होती, तीही धुराविरुद्धच्या नियमांनी बंद होत गेली.

९/
आता दुसऱ्या परिच्छेदातली वजाबाकी पुन्हा मांडून पाहू. धातूची मागणी घटली, सोडवण्याचा खर्च वाढला, ओढून नेण्याचे भाडे होतेच. सुटे भाग निघालेल्या गाडीसाठी भंगारवाला पैसे देण्याऐवजी उलट मागू लागला. मग मालकाने रात्री क्रमांकाची पाटी काढून गाडी सोडून देणे पसंत केले, तर नवल नाही. न्यूयॉर्कच्या त्या आकड्यांमागे हा हिशेब आहे.

१०/
राज्यसंस्थेचा पहिला प्रतिसाद होता झाकपाक करण्याचा. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या काळात १९६५ मध्ये महामार्ग सुशोभीकरण कायदा झाला, त्यामागे त्यांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांचा आग्रह होता. प्रमुख महामार्गांपासून १,००० फुटांच्या आतले भंगाराचे वाडे कुंपणाआड किंवा झाडांआड लपवावेत, नाही तर हलवावेत, असे त्यात ठरले. दृश्य सुधारले, भाव सुधारला नाही.

११/
दुसरा प्रतिसाद अधिक मूलगामी होता. फेब्रुवारी १९७० मध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी काँग्रेसला पाठवलेल्या पर्यावरणविषयक संदेशात एक तत्त्व मांडले : मोटारीच्या किमतीत ती बनवण्याचा खर्च असतो, तसाच तिची विल्हेवाट लावण्याचाही खर्च असला पाहिजे. देशव्यापी योजनेत मात्र हे तत्त्व तेथे उतरले नाही. युरोपीय संघाने २००० साली ते कायद्यात आणले. शेवटच्या मालकाला भुर्दंड न पडता गाडी परत घेतली जावी, ही जबाबदारी उत्पादकांवर टाकली.

१२/
अमेरिकेत तोडगा निघाला तो यंत्रांतून. पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून टेक्सासमधील भंगार व्यावसायिकांनी श्रेडर विकसित केले. जड हातोड्यांचे हे यंत्र अख्ख्या गाडीचे मुठीएवढे तुकडे करते, मग चुंबक लोखंड वेगळे काढतो. मजुरांचे तासांचे काम मिनिटांवर आले. जोडीला इलेक्ट्रिक आर्क भट्ट्या आल्या. त्यांना कच्च्या लोखंडाची गरजच नसते, त्या जवळजवळ पूर्णपणे भंगारावर चालू शकतात. न्यूकॉर कंपनीने अशी पहिली गिरणी १९६९ मध्ये साउथ कॅरोलायनात सुरू केली. आज अमेरिकेतले बहुतांश पोलाद याच मार्गाने तयार होते. भट्टीने घालवलेला भाव भट्टीनेच परत आणला.

१३/
२००९ मध्ये मोडीच्या भावाला निराळेच वळण मिळाले. आर्थिक मंदीत मोटार उद्योगाला हात देण्यासाठी अमेरिकी सरकारने जुनी, जास्त इंधन पिणारी गाडी देऊन नवी घेणाऱ्यास ३,५०० किंवा ४,५०० डॉलर देऊ केले. ठेवलेले १०० कोटी डॉलर आठवड्याभरात संपत आले, मग आणखी २०० कोटी मंजूर झाले. अवघ्या काही आठवड्यांत पावणेसात लाखांच्या आसपास गाड्या मोडीत निघाल्या.

१४/
येथे गाडी चालू स्थितीत असणे ही अट होती. ती परत रस्त्यावर येऊ नये म्हणून इंजिनात तेलाऐवजी सोडियम सिलिकेटचे द्रावण घालून ते कायमचे बंद पाडले जाई. ज्या देशात चाळीस वर्षांपूर्वी मेलेली गाडी कोणी फुकट नेत नव्हते, तिथे जिवंत गाडी मारण्यासाठी सरकार हजारो डॉलर मोजत होते. हा भाव धातूचा नव्हता, धोरणाचा होता.

१५/
आता आपल्याकडे येऊ. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे दुसरे नाव झालेली प्रीमियर पद्मिनी कुर्ल्यात तयार होई. वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तेथे होता. त्याच कुर्ल्यात आज जुन्या गाड्या सोडवून सुटे भाग विकणाऱ्यांची दुकाने आहेत. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली होती. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. तिचा शेवट गंजाने नव्हे, नियमाने ठरवला.

१६/
आपल्याकडे न्यूयॉर्कसारखी वेळ सहसा आली नाही. येथे हातांना मजुरी कमी आणि जुन्या भागांना मागणी भरपूर. दार, गिअरबॉक्स, डायनॅमो, काच, प्रत्येकाला गिऱ्हाईक मिळते. म्हणून गाडी ‘कापायला’ दिली की धातूपेक्षा जास्त पैसे येतात. पण त्या जादा रकमेमागे सांडलेले तेल आणि बॅटरीतले आम्ल उघड्या हातांनी हाताळणारा कामगार आहे. हा खर्च कुणाच्याच वहीत चढत नाही.

१७/
ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने वाहन मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. नोंदणीकृत केंद्रात गाडी दिल्यास शोरूम किमतीच्या साधारण ४ ते ६ टक्के मोल मिळावे, सोबत ठेव प्रमाणपत्र मिळावे, आणि त्यावर नव्या खासगी गाडीच्या करात राज्यांनी २५ टक्क्यांपर्यंत सूट द्यावी, अशी ही रचना आहे. धोरणाचा भाव आता आपल्याकडेही आला. पण तो नोंदणीकृत केंद्राच्या दारातूनच मिळतो. पिढ्यान् पिढ्या हातोडी-पान्यावर हे काम करणारा कारागीर त्या दाराच्या आत येणार की बाहेर राहणार, हा यातला खरा प्रश्न आहे.

१८/
सारांश इतकाच : निकामी गाडीच्या किमतीचे उत्तर गाडीत नसते. ते भट्टीच्या रचनेत असते, मजुरीच्या दरात असते, कायद्याच्या कलमात असते. आणि वजाबाकीतला जो खर्च कोणी भरत नाही, तो नाहीसा होत नाही. साठच्या दशकात तो न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर दिसला, आपल्याकडे तो कामगाराच्या फुप्फुसात आणि जमिनीत मुरतो. भंगारवाल्याने सांगितलेला आकडा ऐकताना त्यातून कुणाचा खर्च वगळला आहे, हे विचारायला इतिहास शिकवतो.