बेवारस कोण? : १८३२ चा मुंबईतील श्वानदंगा आणि साखळीचा कायदा

१

सार्वजनिक रस्त्यावर अथवा उद्यानात कुत्र्याने कोणत्या स्थितीत असावे, यासंबंधीचे नियम वरकरणी क्षुल्लक वाटतात. नगरपालिकांच्या उपविधींत ते दिवाबत्ती आणि केरकचरा यांच्या शेजारी येतात, व इतिहासाच्या अभ्यासकाची दृष्टी त्यांच्यावर सहसा ठरत नाही. तथापि या नियमांच्या मुळाशी एक महत्त्वाचा प्रश्न आहे. या प्राण्याबद्दल जबाबदार कोण, हा तो प्रश्न होय. साखळी हे त्याला कायद्याने दिलेले एक उत्तर आहे. तिचे एक टोक कुत्र्याच्या गळ्यात असते. कायद्याचे लक्ष मात्र दुसऱ्या टोकाकडे, ते धरणाऱ्या हाताकडे असते. ज्या कुत्र्याच्या बाबतीत असा हात दिसत नाही, त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न मुंबईत जून १८३२ मध्ये दोन दिवस हातघाईवर आला होता.

या घटनेचे स्पष्टीकरण सामान्यतः धार्मिक भावनेच्या उद्रेकाच्या रूपाने देण्यात येते. ते खोटे नाही. परंतु अपुरे आहे. पारशी धर्मात कुत्र्याला असलेल्या स्थानावरून पारशी का चिडले हे कळते. हिंदू, जैन व मुसलमान दुकानदार त्यांच्या बाजूस का आले, हे त्यावरून कळत नाही. प्रस्तुत लेखात असे दाखवावयाचे आहे की, हा संघर्ष मालकीविषयीच्या दोन कल्पनांमधीलही होता, आणि त्या संघर्षाचा निकाल पुढे जवळजवळ दोन शतके लागला नाही.

२

प्रथम घटना पाहू. पिसाळलेल्या कुत्र्यांचे भय त्या काळी खोटे नव्हते. जलसंत्रासावर तेव्हा कोणताही उपाय उपलब्ध नव्हता; रोगाची लक्षणे दिसू लागली म्हणजे मृत्यू ठरलेला असे. या भयापोटी कंपनी सरकारने मुंबईत १८१३ मध्ये नियम करून, वर्षातील ठरावीक उष्ण ऋतूंत मोकाट कुत्री मारण्याची व्यवस्था केली होती. १८३२ मध्ये ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढविण्यात आली, आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम देण्यात येऊ लागले.

या इनामाचा परिणाम काय झाला असेल, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पिसाळलेला कुत्रा पकडणे जिवावरचे काम. उलट रोजच्या घासाला सरावलेला, माणसाला पाहून शेपूट हलविणारा कुत्रा आपण होऊन जवळ येतो. आठ आणे मात्र दोहोंनाही सारखेच. निरुपद्रवी कुत्रीच अधिक मारली जावीत, अशी ही योजना होती. घरांच्या आवारात शिरून पाळीव कुत्रीही ओढून नेली जातात, अशी तक्रार नागरिकांनी केली, तिचे मूळ याच व्यवस्थेत असावे.

६ जून १८३२ हा पारशांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशी कोटात कुत्री मारण्याचे काम चालू असताना सुमारे दोनशे पारशांच्या जमावाने दोन युरोपीय शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी हरताळ पडला. हिंदू, जैन व इस्माइली व्यापारी त्यात सामील झाले, बाजार बंद राहिले, आणि कुलाब्याच्या गोऱ्या फौजेकडे जाणारे अन्न व पाणी अडविण्यात आले. लष्कर बोलवावे लागले, धरपकड झाली. लॉर्ड क्लेअर त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर होते. जे शहर कंपनी सरकारला शांत व व्यापारनिष्ठ वाटत होते, आणि ज्या पारशी समाजाच्या राजनिष्ठेविषयी सरकार निःशंक होते, त्या शहरात आणि त्या समाजात हे घडले, याचा अधिकाऱ्यांना धक्का बसला असल्यास नवल नाही.

यानंतर जमशेटजी जीजीभाई यांच्यासह शहरातील प्रमुख व्यापाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला, आणि कुत्री मारण्याऐवजी ती शहराबाहेर नेण्याच्या दिशेने सरकारी धोरण वळले. १८३४ मध्ये जमशेटजी व शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरापोळ स्थापन झाले. भुलेश्वर भागातील ही संस्था आजही चालू आहे.

३

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १८१३ चा नियम ज्या कुत्र्यांना मोकाट म्हणत होता, ती कुत्री खरोखर कोणाची होती?

पारशी परंपरेत याचे उत्तर स्पष्ट आहे. वेंदिदादचा तेरावा फर्गर्द कुत्र्याला समर्पित असून, त्याला इजा करणाऱ्यास तेथे कठोर शिक्षा सांगितली आहे. ‘सगदीद’ या विधीत मृतदेहाला कुत्र्याची दृष्टी पडणे आवश्यक मानले जाते. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला ‘चतुर्नेत्र’ कुत्रा त्यासाठी श्रेष्ठ होय. ऋग्वेदातील यमाचे दोन श्वानही चार डोळ्यांचेच आहेत, आणि हे साम्य केवळ योगायोगाचे नव्हे. आपल्या दृष्टीने मात्र याहून महत्त्वाची गोष्ट रोजच्या स्वयंपाकघरातील आहे. पारशी घरांत जेवणातील काही घास कुत्र्यासाठी बाजूला काढण्याची चाल होती. त्याला ‘कुतरानो बुक’ म्हणत. हा घास खाणारा कुत्रा घरचा असेलच असे नाही. पुष्कळदा तो गल्लीतलाच असे.

हिंदू घरांतील वैश्वदेवाची कल्पना याच जातीची आहे. बलिहरणात कुत्रे, कावळे व पतित यांच्यासाठी अन्न जमिनीवर ठेवावे, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. जैनांच्या जीवदयेविषयी वेगळे लिहिण्याची गरज नाही. महाराष्ट्रात दत्तात्रेयाच्या पायांशी चार श्वान आहेत, खंडोबाबरोबरही कुत्रा आहे. तथापि कुत्रा सर्वत्र पूज्य होता, असे यावरून समजू नये. तो अशुचीही मानला जाई, दगडही खाई. येथे इतकेच सांगावयाचे आहे की, घराच्या अन्नात ज्याचा ठरलेला वाटा आहे असा, पण ज्याच्यावर कोणाचीही मालकी नाही असा प्राणी या समाजांच्या नित्य व्यवहारात गृहीत धरलेला होता. तो कोणा एकाचा नव्हता, म्हणून कोणाचाच नव्हता असे मात्र नाही. तो आळीचा होता. रात्री तो आळी राखी, आणि आळी त्याला घास घाली.

कंपनीच्या नियमात अशा प्राण्यासाठी कोणताही शब्द नव्हता. तेथे कुत्रा एक तर मालकाचा, नाही तर बेवारस. १८३२ मध्ये निरनिराळ्या धर्मांचे लोक एकत्र का आले, याचे उत्तर बव्हंशी येथे मिळते. जेसी पालसेतिया यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पारशी समाज व कंपनी सरकार यांच्या बदलत्या संबंधांच्या संदर्भात या दंग्याचा विचार केला आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. त्याला पूरक म्हणून असे म्हणावयास हरकत नाही की, सरकारने बेवारस ठरविलेला कुत्रा हा आळीच्या दृष्टीने बेवारस नव्हता, एवढ्या एका गोष्टीवर सर्वांचे एकमत होते.

४

ही बेवारसपणाची कल्पना अधिकाऱ्यांनी आपल्या देशातूनच आणली होती. लंडन नगरीने १७६० मध्ये पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भीतीने रस्त्यात दिसणारी कुत्री मारण्याचा हुकूम काढून दोन शिलिंग इनाम लावले होते. मुंबईचे आठ आणे हे त्याच पद्धतीचे रूप होय. परंतु इंग्लंडात पुढे या पद्धतीचे जे रूपांतर झाले, ते लक्षात घेतले पाहिजे. तेथे कायद्याने आपला रोख कुत्र्यावरून मालकाकडे वळविला.

१८६७ मध्ये कुत्र्यासाठी पाच शिलिंगांचा परवाना सुरू झाला. त्याच वर्षीच्या लंडनच्या रस्त्यांविषयीच्या कायद्याने, कोणाच्याही ताब्यात नसलेला कुत्रा अडकवून ठेवण्याचा व कुत्र्यांना मुसके बांधावयास लावण्याचा अधिकार पोलिसांना दिला. १८७१ च्या श्वानविषयक कायद्याने ही व्यवस्था देशभर नेली. ‘ताब्यात असणे’ ही कायद्याची कसोटी ठरली, आणि साखळी हा तिचा दृश्य पुरावा झाला. १८९७ पासून कृषी मंडळाचे अध्यक्ष वॉल्टर लाँग यांनी मुसक्यांची सक्ती व परदेशी कुत्र्यांवर निर्बंध यांचा अवलंब केला. कुत्राप्रेमी मालकांनी त्याविरुद्ध मोठा गहजब केला. तरी १९०२ पर्यंत ब्रिटनमधून हा रोग नाहीसा झाला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तो पुन्हा शिरला, आणि १९२२ पर्यंत पुन्हा हटविण्यात आला.

हे यश निर्विवाद आहे. तथापि त्याची पूर्वअट विसरता येत नाही. मुसके बांधावयाचे तर ते बांधणारा मालक हवा. ब्रिटनमध्ये बहुतेक कुत्र्यांना मालक होते, म्हणून मालकाला दंड करून रोग आवरता आला. जेथे कुत्रा आळीचा, तेथे दंड करावयाचा कोणाला?

५

मालकावर आधारलेल्या या व्यवस्थेचे परिणत रूप विसाव्या शतकातील सार्वजनिक उद्यानांत दिसते. न्यूयॉर्कच्या उद्यानांत कुत्रा सहा फुटांहून अधिक लांब नसलेल्या साखळीने बांधलेला असावा, असा नियम आहे. मात्र ठरावीक उद्यानांत सकाळी नऊपूर्वी आणि रात्री नऊनंतर कुत्री मोकळी सोडण्याची सवलत पुष्कळ वर्षे रूढ होती. २००७ मध्ये तिला औपचारिक नियमाचे स्वरूप मिळाले. या वेळात कुत्रा हाकेच्या ताब्यात असावा लागतो, आणि परवाना व लसीकरण यांचा पुरावा मालकाजवळ असावा लागतो.

येथे साखळीची जागा शिकवण घेते. हाक मारताच परत येणारा, बस म्हणताच बसणारा कुत्रा हा न दिसणाऱ्या साखळीने बांधलेलाच असतो. कुत्र्याला शिकविण्याचे शास्त्र विसाव्या शतकात पोलीस व लष्कर यांच्या गरजेतून वाढले आणि नंतर सामान्य मालकांपर्यंत पोहोचले. उद्यानातील सवलत त्यावर विसंबून आहे. परंतु साखळी काय किंवा शिकवण काय, दोहोंच्या दुसऱ्या टोकाला एकच विशिष्ट माणूस गृहीत धरलेला आहे.

६

भारतात या माणसाचा अभाव हीच अडचण राहिली. स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ नगरपालिकांनी कुत्री मारण्याचीच पद्धत चालविली. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० मध्ये झाला. त्याखाली २००१ मध्ये झालेल्या नियमांनी कुत्र्यांचे ‘पाळीव’ आणि ‘रस्त्यावरील’ असे दोन वर्ग केले, व दुसऱ्या वर्गासाठी हत्येऐवजी निर्बीजीकरण व लसीकरण हा मार्ग ठरविला. २०२३ च्या नियमांनी आणखी एक पाऊल टाकले. ज्याच्यावर कोणीही मालकी सांगितलेली नाही, अशा वस्तीत जन्मलेल्या प्राण्याला त्यांनी ‘सामुदायिक प्राणी’ ही संज्ञा दिली. १८१३ च्या नियमात जो शब्द नव्हता, तो दोनशे दहा वर्षांनी कायद्यात आला.

त्यामुळे प्रश्न सुटला असे नाही. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली परिसरातील रस्त्यांवरील कुत्री निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल करून, रोगी वा आक्रमक नसलेली कुत्री निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ ठिकाणी सोडावीत, आणि त्यांना अन्न ठरवून दिलेल्या जागीच घालावे, असे सांगितले. अवघ्या अकरा दिवसांतील या दोन आदेशांत १८३२ चे दोन्ही पक्ष पुन्हा समोरासमोर उभे राहिलेले दिसतात.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे कोणत्याही एका पक्षाचे वकीलपत्र घेण्याचे कारण नाही. कुत्रा चावून मरणारे पुष्कळदा गरिबांचे मूल असते, हे जीवदयेच्या नावाने विसरता येत नाही. ‘आळीचा कुत्रा’ या कल्पनेची उणीवही यातच आहे. ती घास घालण्याची जबाबदारी घेत होती. चाव्याची जबाबदारी घेत नव्हती. उलट बेवारस म्हणून मारावयाचे, ही पद्धत मुंबईत १८१३ पासून चालली आणि तिने रोग हटविला नाही, हेही तितकेच खरे आहे. १८३२ च्या दंग्यातून पांजरापोळ निघाले, ही गोष्ट या संदर्भात विशेष अर्थपूर्ण वाटते. जे कुत्रे आमचे म्हणून लोक रस्त्यावर उतरले, त्यांतील काही जणांनी दोन वर्षांत त्यांच्या पोषणाचा खर्चही अंगावर घेतला. साखळीचे दुसरे टोक एका माणसाच्या हाती नसेल, तर ते समाजाने उचलावयास हवे. समाजाने ते कितपत उचलले, याचा शोध नगरपालिकांच्या आणि धर्मादाय संस्थांच्या दप्तरांतून घेणे, हे काम पुढील अभ्यासकांसाठी शिल्लक आहे.