हेड गॅस्केट: गोंदिया ते मुरदोली, शेवटचे पाच तास

नवतपाचे, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या कडक उन्हाचे दिवस. अर्जुनी मोरगावला लग्न. पाच माणसं, आहेराचं सामान आणि एमएच 35 नंबरची जुनी मारुती 800. या गाडीचं उत्पादन 2014 च्या जानेवारीत थांबलं, म्हणजे रस्त्यावरची प्रत्येक 800 आता वयस्कर. पुढचा घटनाक्रम एकाच गाडीचा नाही. दीड-दोन लाख किलोमीटर धावलेली कुठलीही गाडी उन्हात तापते तेव्हा साधारण याच क्रमाने जाते.

सकाळी 8.00 · पाच तास बाकी
गाडी धुतली, हार घातला, बॉनेट मात्र उघडलं नाही. आत कूलंटची बाटली तळाला गेली आहे आणि वॉटर पंपाखाली पांढरट ओघळ वाळला आहे. कूलंट आपोआप संपत नाही. कमी झालं म्हणजे कुठून तरी गेलं. या घडीला इलाज एका पंपाचा आणि अर्ध्या दिवसाचा.

10.00 · तीन तास बाकी
जयस्तंभ चौकात पाहुण्यांची वाट पाहत गाडी उभी, एसी चालू. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसवलेला, त्यामुळे रेडिएटरला मिळते ती आधीच तापलेली हवा. काटा अर्ध्याच्या थोडा वर सरकतो. पंखा अखंड फिरतोय. हा पहिला इशारा.

11.00 · दोन तास बाकी
फुलचूर मागे पडलं, गोरेगाव आलं. काटा लाल पट्टीला टेकला, बॉनेटमधून वाफ निघू लागली. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी 100 अंशांना न उकळता सुमारे 118 अंशांपर्यंत तग धरतं. गरम असताना झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. निदान अर्धा तास थांबायलाच हवं. इथे गाडी सोडून एसटीने गेलं असतं, तर इंजिन अजून शाबूत होतं.

11.40 · ऐंशी मिनिटं बाकी
हातपंपाचं गार पाणी आणून ओतलं. इंजिनाच्या वरच्या भागाला, म्हणजे तापलेल्या हेडला, असा धक्का बसला की त्याला तडा जाऊ शकतो. गळती तशीच आहे, आणि गाडीत सगळ्यांचं एकच म्हणणं: "पुढं कोहमाऱ्यापर्यंत जाते नं भाऊ."

12.20 · चाळीस मिनिटं बाकी
मुरदोलीचं जंगल. काटा अचानक खाली येतो आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. सगळ्यात घातक क्षण हाच. तापमानाच्या सेन्सरपाशी पाणीच उरलेलं नाही. कोरड्या पोकळीत तो खरं तापमान दाखवू शकत नाही.

12.40 · वीस मिनिटं बाकी
अॅल्युमिनियमचं हेड फुगतंय, बोल्टांनी ते जखडून धरलंय, त्यामुळे ते वाकतं. छोट्या इंजिनांत हेडच्या पृष्ठभागाला साधारण 0.05 मिलिमीटरहून जास्त वाक चालत नाही. हेड आणि ब्लॉक यांच्यामधला सांधा गॅस्केट बंद ठेवते, आणि दोन सिलिंडरांमधली तिची पट्टी सगळ्यात अरुंद. ती आधी जळते. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन शेजारच्यात शिरतं, गाडी मिसिंग मारते, उरलंसुरलं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं आणि सायलेंसरमधून पांढरा धूर येतो.

1.00
इंजिन जाम. डिपस्टिक ओढली तर ऑइल दुधाळ, तपकिरी. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगांना वाचवत नाही. आता सेल मारत राहिलं आणि सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असलं, तर कनेक्टिंग रॉडही वाकेल. टोचन करून गोंदियाला न्यायची, एवढाच मार्ग.

दुसरा दिवस, गॅरेज
पिस्टन आणि क्रँक वाचले असतील तरच गोष्ट हेडच्या कामावर निभावते. हेड उतरवताना बोल्ट बाहेरून आत, टप्प्याटप्प्याने सैल करायचे. सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून वाक मोजायचा, मशीन शॉपमध्ये फेसिंग करून घ्यायचं, तडा आहे का ते प्रेशर टेस्टने पाहायचं. ब्लॉकवरचा जुना चिकटा खरवडताना ओरखडा पडू द्यायचा नाही. बसवताना बोल्ट मधून बाहेर, टॉर्क रेंचने, कंपनीने सांगितलेल्या मापाने. ही कामं वगळून फक्त नवी गॅस्केट टाकली की ती पुन्हा जाते. त्याहून मोठी चूक म्हणजे मूळ कारण तसंच ठेवणं. पंप, थर्मोस्टॅट, कडक झालेले होज आणि तुंबलेला रेडिएटर हे याच वेळी निपटायला हवं, आणि आत साधं पाणी न भरता कूलंट भरायला हवं.

गॅस्केट स्वतःहून क्वचितच मरते; तिला उष्णता मारते, आणि उष्णता वाढताना प्रत्येक टप्प्यावर सांगून वाढते. आठला पंपावर भागत होतं, अकराला थांबण्यावर, एकला अख्ख्या इंजिनावर आलं. म्हणून काटा अर्ध्याच्या वर गेला की एसी बंद करा, हीटर पूर्ण उघडा, सावली पाहून गाडी थांबवा आणि तिथून पुढे ती चालवू नका. अक्षता चुकल्या तरी जेवणाच्या पंगतीला पोचता येतं.